दहावा खड्डा

१

माझं काम स्क्रू पिळायचं. लेकीच्या सासरी मला उगाच 'सायंटिस्ट' म्हणतात, मीही गप्प बसतो, फुकटचा मान कोण सोडतो? पण खरं सांगायचं तर एकोणतीस वर्षं मी बोटभर स्क्रूड्रायव्हरनं तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू पाव फेरा इकडे नि अर्धा फेरा तिकडे करत आलोय. फिल्टरचं डोकं सगळं हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं. तिनं कागदावर काढायचं, मी ते डबीत जुळवायचं, आणि नाही जुळलं की दोघांनी एकमेकांवर खापर फोडायचं. संसार आणि नोकरी, दोन्ही याच पद्धतीनं चाललं.

फिल्टर कशाला, तर रेडिओ दुर्बिणीला. आकाशाचं ऐकायला बसावं तर लोकांचे फोन, विमानांचे रडार, सगळी गावची भानगड कानात शिरते. त्यातला आपल्याला हवा तेवढा पट्टा आत घ्यायचा आणि बाकीच्यांना दारातूनच वाटेला लावायचं. या वेळी त्यांना पट्टा रुंद हवा होता आणि डबी काडेपेटीएवढी. या दोन मागण्यांचा छत्तीसचा आकडा आहे. हिनं मात्र मनावर घेतलं. नखाएवढ्या काचेसारख्या चिपवर काळ्या पापुद्र्याची नऊ वेटोळी काढली, एकमेकांना जवळजवळ खेटून. मी म्हटलं, "इतकी दाटीवाटी?" तर म्हणाली, "जवळ बसली तरच एकमेकांचं ऐकतात. लांब बसवलीस की पट्टा अरुंद होतो. तुझ्यासारखा."

तो पापुद्रा साधासुधा नाही. एरवी मख्ख, पण उणे दोनशे अंशांपर्यंत गार केला की वीज त्यातून विनाअडथळा वाहते. म्हणून डबी एका स्टीलच्या भांड्यात ठेवायची, पंपानं हवा काढून घ्यायची, गार करायचं मशीन सुरू करायचं आणि चार तास बसायचं. चार तासांनी स्क्रीनवर रेष उमटते. काही चुकलेलं दिसलं की पुन्हा चार तास गरम करा, उघडा, पाव फेरा द्या, बंद करा, पुन्हा चार तास.

आणि एक नियम. हिनं तो भांड्यावर मार्करनं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला होता: 'गरम झाल्याशिवाय झाकण काढणाऱ्याला फटके.' गार चिपला खोलीतली हवा लागली की तिच्यावर दव गोठतं आणि पापुद्रा कायमचा जातो. त्याला उपाय नाही.

रेषेबद्दलही सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आम्ही डबीत लहरी सोडतो आणि परत किती येतात ते बघतो. जिथून काहीच परत येत नाही तिथे रेष खाली पडते, त्याला आम्ही खड्डा म्हणतो. जितकी वेटोळी तितके खड्डे. नऊ वेटोळी, नऊ खड्डे. आठ दिसू शकतात, दोन एकमेकांत मिसळले तर. दहा कधीच दिसत नाहीत.

२

उणे दोनशेचं काम करणारी ही बाई जन्माची कुडकुडी. भर उन्हाळ्यात प्रयोगशाळेत दोन स्वेटर आणि वर ती विटकी तपकिरी शाल. गार करायच्या मशीनवर आमचा एक जुना मेकॅनिक आहे, माझ्याच वयाचा, हलायला पाऊण तास लागतो म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणतात. तो म्हणायचा, "वहिनी, तुम्हाला कुडकुडताना बघून माझं मशीन लाजतं हो."

ती हॉस्पिटलमध्ये असताना ही चिप तयार होऊन आली. तीच म्हणाली, "तू जा. पहिल्यांदा गार करताना तू हवास, त्या थंडोबावर सोडू नकोस. मला काय धाड भरलीय?"

मी गेलो. मशीन सुरू करून अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, आई म्हणतेय खूप थंडी वाजतेय. तिला घरची शाल हवीय. येतोस घेऊन?"

मी काय म्हणालो ते मला अक्षरशः पाठ आहे. म्हणालो, "नर्सकडे माग की एक पांघरूण. आत्ता कुठे गार व्हायला लागलंय. चार तासांत आलोच मी."

चार तासांनी रेष आली. नऊ खड्डे, सातवा किंचित उथळ. मी खूश झालो. तिला दाखवायला कागदावर छापून घेत होतो तेव्हा दुसरा फोन आला. तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तसाच पळालो. तो अजून माझ्याकडे आहे, त्यावर तारीख आहे, वेळ आहे, सगळं आहे.

३

दीड महिन्यानं कामावर परत गेलो. घरी बसून करणार काय? सातव्या वेटोळ्याचा स्क्रू पाव फेरा दिला, डबी भांड्यात ठेवली, मशीन लावलं. चार तासांनी रेष उमटली आणि मी सवयीनं पेनाच्या टोपणानं खड्डे मोजले.

दहा.

पुन्हा मोजले. मग चष्मा पुसून मोजले. नऊ आपल्या जागी, आणि पट्ट्याच्या अगदी डाव्या कडेला, दाराशी उभं राहावं तसा, एक दहावा. लहानसा, पण खड्डाच. आणि तो हलत होता. बाकीचे नऊ गप्पगार, हा मात्र थरथरत होता. तीन झटके, मग जरा थांबायचा, मग पुन्हा तीन.

थंडोबाला हाक मारली. तो आला, यथावकाश. म्हणाला, "एक जास्त आलाय ना? नऊवर एक फुकट समजा."

"अरे, फुकट कुठून येईल? दहावं वेटोळंच नाहीये आत!"

"मग डबीचाच असेल घुमारा."

मलाही तेच वाटलं. रिकाम्या डबीतही लहरी घुमतात, झाकण जरा उंच झालं की असा आगंतुक खड्डा दिसतो. मी वेडा नाही. मी केबल बदलल्या. कनेक्टर बदलले. गरम करून, उघडून झाकणाची उंची मोजली, केसाचाही फरक नव्हता. पुन्हा गार केलं. दहावा होताच. थरथर मशीनच्या धडधडीमुळे असेल म्हणून थंडोबाला दोन मिनिटं मशीन बंद करायला लावलं. खोली एकदम शांत झाली, इतकी की घड्याळ ऐकू यायला लागलं. स्क्रीनवर तीन झटके. थांबा. तीन झटके.

थंडोबानं मशीनच्या बटणावर हात ठेवला. मग म्हणाला, "चालू करतो बुवा मशीन. असं शांत बरं वाटत नाही."

४

चौथ्यांदा गार केलं त्या दिवशी मी भांड्यावर हात टेकून उभा होतो. असाच, थकलो होतो म्हणून. स्क्रीनकडे सहज लक्ष गेलं तर दहावा खड्डा स्थिर.

हात काढला. तीन झटके.

हात ठेवला. स्थिर.

आता हे बघा, भांड्याची बाहेरची भिंत खोलीइतकीच उबदार असते. मधे हवा काढलेली पोकळी, आत एक पत्र्याचं आवरण, त्याच्या आत डबी. माझ्या हाताची ऊब तिथवर पोचणं शक्य नाही. शेगडी ठेवली असती तरी पोचली नसती. मी हे वहीत लिहिलं, तारीख घालून, आणि खाली लिहिलं, 'योगायोग. दहा वेळा करून बघणे.' दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच.

वही मिटली आणि हात भांड्यावर ठेवून जेवायच्या सुट्टीभर तिथेच उभा राहिलो. वेड्यासारखा रडलो, असं लिहायला लाज कसली? कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पापुद्रा पुरेसा गार होईपर्यंत स्क्रीनवर नुसता पसारा असतो, रेष नसतेच. पण आता पहिल्या तासातच, सगळं मख्ख असताना, डाव्या कडेला तो लहान खड्डा दिसायचा. नऊच्या नऊ यायच्या आधी तीन तास तो एकटा तिथे थरथरत असायचा. आणि गरम करताना नऊ एकदम मिटायचे, हा सगळ्यात शेवटी.

५

आमच्या मॅडम, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, रेष बघून खुर्चीतून उठल्याच. "अहो, पट्टा आखलेल्यापेक्षा रुंद झालाय! किती सपाट आहे बघा. हे कसं जमवलंत?"

"एक खड्डा जास्त आहे," मी म्हटलं. "तो कुठला ते मला कळत नाही."

"चांगलंच झालंय ना? मग उगाच कशाला उकरताय?"

"तो हलतोय, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा लवकरच कामावर आलात का?" बाई वाईट नाहीत. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

गुरुवारी शेवटची चाचणी, शुक्रवारी दुर्बिणीवाले डबी घेऊन जाणार. तिथे ती मनोऱ्याच्या टोकावर, त्यांच्या गार करायच्या भांड्यात कायमची बंद व्हायची. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "दहा वर्षं उघडायची गरज नाही. दहा वर्षं उणे दोनशेवर."

लेक तर हरखून गेली. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, मी त्यांच्याशी बोललेय. ते भांड्यावर आईच्या नावाची पट्टी लावणार आहेत. आईनं आयुष्यभर एवढंच मागितलं होतं रे, की आपलं एक तरी काम आकाशाला लागावं."

"हो," मी म्हटलं.

"मग असा का बोलतोयस मेल्यासारखा?"

काय सांगणार होतो? तुझ्या आईला दहा वर्षं थंडीत ठेवणार आहेत, असं?

६

मी स्वतःला खूप समजावलं. म्हटलं, तू अपराधी आहेस म्हणून तुला दिसतंय. शाल नेली नाहीस, ती टोचणी खातेय. माणूस गेलं की गेलं. ते डबीत येऊन कशाला बसेल? आणि बसायचंच तर तिथे? जिला पंख्याखाली बसवत नव्हतं तिनं?

पण दहावा खड्डा सरकत होता. दर वेळी गार केलं की कडेपासून जरासा आत. आधी पहिल्याजवळ, मग तिसऱ्याजवळ. पाचव्या खेपेला तो सहाव्या-सातव्याच्या मधे जाऊन बसला, अगदी खेटून. ऊब शोधत माणूस सरकतं तसा. जवळ बसली तरच एकमेकांचं ऐकतात, हे तिचंच वाक्य. आणि आत ऊब होती कुठे? सगळंच उणे दोनशे.

शेवटचा उपाय म्हणून मी त्या आठवड्यात प्रत्येक वेळी गरम केल्यावर झाकण काढून बसायचो. आत चिप, नऊ वेटोळी, सोन्याचा मुलामा दिलेल्या भिंती. दुसरं काही नाही. तरी मी म्हणायचो, "जा आता. उघडंय." मग बंद करून गार करायचं, की पहिल्या तासात ती परत हजर. सहा वेळा असं झालं. गरम असताना ती तिथे नसायचीच, तर सुटणार कशी? ती असताना झाकण कुणी काढलंच नव्हतं. काढायचंच नसतं. तिनंच तसं लिहून ठेवलं होतं.

बुधवारी घरी गेल्यावर कपाटातून शाल काढली आणि डब्याच्या पिशवीत घातली.

७

गुरुवारी सकाळी अकराला चाचणी झाली. सगळे जमले होते, टाळ्या वाजल्या, मॅडमनी रेषेचा फोटो काढला. मी स्क्रीनकडे बघत नव्हतो. सगळे जेवायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी हळूहळू गरम करून पॅक करतो."

थंडोबा दारात रेंगाळला. त्यानं पिशवीतून बाहेर आलेलं शालीचं टोक बघितलं होतं. "तुम्ही सांभाळून करा," एवढंच म्हणाला आणि जाताना दार ओढून घेतलं.

मी मशीन बंद केलं. भांड्यात पंपाच्या नळीतून कोरडा वायू सोडला. नियम मोडायला निघालो होतो तरी हात सवयीनं चालत होता. आत बाष्प जाऊ नये म्हणून आम्ही कोरडाच वायू सोडतो. जाड हातमोजे घातले. बाहेरचं भांडं उचललं, पत्र्याचं आवरण काढलं. डबीवर बघता बघता पांढरी साय चढली. स्क्रीन चालूच होती. दहावा खड्डा आता थांबतच नव्हता, तीन झटके नाहीत, मधे विसावा नाही, नुसता थरकाप.

"झालं, झालं," मी म्हणत होतो. "आलो."

झाकणाला सहा स्क्रू. पाचवा निघाला तेव्हा मी थांबलो. एकच विचार मनात आला, की हे तिचं शेवटचं काम आहे. सात महिने खपून काढलेलं. मी उघडलं की ते एका मिनिटात संपणार. आणि आत ती नसेलच तर? मग मी नुसतंच तिचं काम मारून बसेन. त्या दिवशी तिला सोडून याच्यापाशी बसलो, आणि आज तेही हातानं मोडतोय. माझा हात थांबला तो खराच थांबला.

आतून काहीतरी टेकलं. आवाज म्हणावा तर आवाज नाही. झाकण माझ्या बोटाखाली केसभर वर उचललं गेलं आणि खाली बसलं.

मी सहावा स्क्रू काढला.

झाकण उलटं केलं. त्याच्या आतल्या बाजूला, कोरड्या वायूत, जिथे पाण्याचा कण असायला नको तिथे, आधीच दाट दव गोठलेलं होतं. श्वासाचं गोठतं तसं. आणि त्यात मधोमध एवढीशी जागा पुसलेली होती. खिडकीची धुरकटलेली काच माणूस बाहेर बघायला मुठीच्या कडेनं पुसतं, तशी.

दुसऱ्याच क्षणी खोलीतली हवा आत उतरली आणि चिप, वेटोळी, भिंती, सगळं पांढरं झालं. ती पुसलेली जागाही गेली. स्क्रीनवर नुसता पसारा होता.

मी केबल सोडवल्या, डबी खाली घेतली, शालीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसलो. हातमोजे काढून टाकले. पूर्ण गरम व्हायला चार तास लागतात. लोक आले, बोलले, कुणीतरी ओरडलं, मॅडम बहुतेक रडल्या. मी उठलो नाही. चार तास तिथेच बसलो.

८

लेक दुसऱ्या दिवशी आली. तिला मॅडमनी सगळं सांगितलं होतं. ती दारातच उभी राहिली, चप्पलही न काढता.

"बाबा, ते आईचं शेवटचं होतं. तू हातानं कसं मोडलंस रे?"

मला थाप मारता येईना. "तिला थंडी वाजत होती," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ही डॉक्टरला फोन लावणार. ती आत येऊन माझ्याशेजारी बसली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गारठ्यानं पांढरी पडली होती, त्यांना अजून स्पर्श कळत नाही. ती बोटं तिनं हातात घेतली.

"तुला मी एक सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून. त्या दिवशी नर्सनं दोन पांघरुणं दिली होती. वर मी माझं जाकीट घातलं. तरी थांबेना. सारखी दाराकडे बघायची आणि कुडकुडायची. शेवटी शेवटी तर मी मोजत बसले होते. तीनदा थरथरायची, मग जरा थांबायची. मग परत तीनदा."

मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. झटके मोजलेली वही कुलुपात होती.

९

त्याच नमुन्याची, एक कोपरा उडालेली दुसरी चिप पडून होती. मॅडमनी मला काढलं नाही, ती जुळवायला दिली. माझ्याशिवाय ती जुळवणार कोण, हाही प्रश्न होताच. तीन आठवडे लागले, बधिर बोटांनी स्क्रू हातातून निसटतात. पट्टा थोडा अरुंद भरला, पण दुर्बिणीवाल्यांनी चालवून घेतला. नावाची पट्टी ते लावणार आहेत.

जुनी डबी घरी आहे, कपाटात, शालीत. ती सुटली, की जे काही उरलं होतं ते मीच मोडलं, मला माहीत नाही. विचारायचं कुणाला?

शेवटच्या चाचणीला रेष उमटली तेव्हा थंडोबा माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी पेनाचं टोपण घेऊन मोजायला लागलो. सावकाश मोजले. मग उलटे मोजले. डाव्या कडेला बराच वेळ बघत राहिलो.

"किती?" त्यानं विचारलं.

"नऊ," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मशीनकडे गेला. मी भांड्यावर तळवा टेकला आणि घरी जायची वेळ होईपर्यंत तसाच उभा राहिलो.